प्रीमियर लीगमधून खाली गेलं की क्लबच्या तिजोरीचं काय होतं? (ब्लॅकबर्न, पुणे आणि इतर)

लँकेशायरी मिसळ:

लेस्टर या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "खाली गेले तर गेले, पॅराशूटचे पैसे (खाली गेलेल्या क्लबला लीगकडून काही वर्षं मिळणारी रक्कम) आहेतच की, येतील परत." उत्तर द्यायला घेतलं आणि ते इतकं वाढलं की वेगळा धागाच काढतोय.

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या प्रीमियर लीगमधल्या २० क्लबांपैकी तळाचे ३ दर वर्षी चॅम्पियनशिप नावाच्या खालच्या लीगमध्ये जातात आणि तिथले ३ वर येतात. आयपीएलमध्ये दहावा आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच तोऱ्यात लिलावाला बसतो. इथे ती सोय नाही.

उदाहरण आपल्याच माणसांचं घेऊ. ब्लॅकबर्न रोव्हर्स. कापडगिरण्यांचं जुनं गाव, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. १९९५ मध्ये हा क्लब प्रीमियर लीग जिंकला, तो जॅक वॉकर या गावातल्याच पोलादवाल्याच्या पैशावर. वॉकर २००० मध्ये वारले. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांच्या ट्रस्टने क्लब पुण्याच्या कोंबडीवाल्या व्हेंकीजला विकला. २ कोटी ३० लाख पाउंड रोख आणि वर क्लबच्या डोक्यावरचं कर्ज. महिन्याभरात मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना नारळ मिळाला, स्टीव्ह कीन आले, आणि ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनकडून ०-१ हरून क्लब खाली गेला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. मालकांचा धंदा काय हे सगळ्या गावाला माहीत, त्यामुळे टोमणा समजावून सांगायची गरज पडली नाही.

कोंबडीचा फोटो जगभर गेला. त्याहून महागात पडलेली गोष्ट पुढच्याच महिन्यात घडली आणि तिच्याकडे पुण्यात फारसं कुणाचं लक्षही गेलं नसेल. जून २०१२ मध्ये प्रीमियर लीगने २०१३ ते २०१६ या तीन वर्षांचे ब्रिटनमधले टीव्ही हक्क ३०० कोटी पाउंडांना विकले. आधीच्या करारापेक्षा ७० टक्के जास्त. पंगत वाढायला घेतली आणि ब्लॅकबर्न नेमकं तेव्हाच पानावरून उठलं.

आता आजचे आकडे. अलीकडच्या मोसमांत प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या नंबरावर येणाऱ्या क्लबलाही लीगकडून साधारण ११ कोटी पाउंड मिळतात. खाली गेल्यावर पॅराशूट पेमेंट सुरू होतं: वरच्या क्लबांना टीव्हीच्या पैशातला जो समान वाटा मिळतो त्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ दुसऱ्या, २० तिसऱ्या. वर एकच मोसम काढला असेल तर तिसरं वर्ष नाही. म्हणजे पहिल्या वर्षी हातात ५ कोटींच्या आतबाहेर. ज्यांना पॅराशूट नाही त्या चॅम्पियनशिप क्लबांना प्रीमियर लीगकडून सुमारे ५० लाख मिळतात, त्यांच्याकडून पाहिलं तर हे अजूनही श्रीमंतच. पण खाली आलेल्या क्लबच्या अकाउंटंटला विचारा. त्याचं निम्म्याहून जास्त टीव्ही उत्पन्न एका दुपारीत गेलेलं असतं. स्पॉन्सरच्या करारात रेलिगेशनचं, म्हणजे खाली जाण्याचं, कलम असतंच, ती रक्कमही उतरते. आणि खर्च? पगाराचे करार तीन-चार वर्षांचे, खेळाडू विकत घेतले त्याचे हप्ते दुसऱ्या क्लबांना देणं, कर्जाचं व्याज. यातलं काहीही आपोआप निम्मं होत नाही.

इथे बहुतेक क्लब जी चूक करतात तीच ब्लॅकबर्ननं केली. पॅराशूटचा पैसा सावकाश, शहाणपणानं उतरण्यासाठी वापरायचा, त्याऐवजी लगेच वर उडी मारण्यासाठी लावला. जॉर्डन ऱ्होड्सला ८० लाख पाउंडांना आणला. पोरानं पहिले तीन मोसम दर वर्षी २० च्या वर गोल मारले, त्याला दोष नाही. पण बाकी सगळा सावळागोंधळ. हेनिंग बर्ग ५७ दिवस मॅनेजर होते. त्यांना काढलं, ते कोर्टात गेले आणि क्लबला साडेबावीस लाख पाउंड द्यावे लागले. त्यांच्यानंतरचे मायकल अ‍ॅपल्टन ६७ दिवस टिकले. पहिल्या मोसमात १७ वा नंबर, मग ८ वा, मग ९ वा. डिसेंबर २०१४ मध्ये तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून खेळाडू घेण्यावर बंदी आली. मग विक्री: केअर्नी, गेस्टेड, २०१६ च्या सुरुवातीला ऱ्होड्स, उन्हाळ्यात हॅन्ली आणि डफी.

आणि आता तारखा बघा. तेव्हा पॅराशूट चार वर्षं मिळायचं. २०१२ ला खाली आले, २०१६ ला पॅराशूट संपलं. त्यानंतरच्या पहिल्याच मोसमात, ७ मे २०१७ ला, ५१ गुण घेऊन केवळ गोलफरकावर ब्लॅकबर्न चॅम्पियनशिपच्याही खाली, तिसऱ्या पायरीवर गेलं. प्रीमियर लीग जिंकलेला आणि इतका खाली गेलेला पहिला क्लब. दोन्ही वेळेला ७ मे, हा योगायोग. पॅराशूट संपल्याबरोबर दुसरं पडणं हा मात्र योगायोग नाही, असं माझं म्हणणं आहे. खरी किंमत पहिल्या रेलिगेशनला मोजली जात नाही, पैसा असतो तोवर कुणी मोजायला बसतच नाही. ती चार-पाच वर्षांनी एकदम वसूल होते.

मतं येऊ द्यात. पुणेकरांनी सबुरीनं घ्यावं.


कोथरूडकर_काका:

सबुरीनंच घेतोय. लेख माहितीपूर्ण, पण एकांगी आहे. पैसा पुण्याचा आणि शिव्याही पुण्यालाच, हे काय? क्लब बुडाला का? नाही. पगार थकले का? नाही. इतक्या वर्षांत मालकांनी कर्जाऊ आणि भांडवल म्हणून कोट्यवधी पाउंड ओतले, वसूल काहीही नाही. दुसरा एखादा असता तर मैदान विकून मोकळा झाला असता. मॅनेजर बदलण्यात घोळ घातला हे मान्य, पण तिसऱ्या पायरीवरून पुढच्याच वर्षी परत आले तेही यांच्याच पैशावर. ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

अवांतर: २०११ मध्ये हीच टीम पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला बालेवाडीला आली होती. आमचा भाचा गेला होता. प्रीमियर लीगची टीम गावात आली म्हणून काय उत्साह होता पोरांना! सात महिन्यांनी ती प्रीमियर लीगची राहिली नाही.


लँकेशायरी मिसळ:

काका, २०१८ ला परत आले, टोनी मोब्रे यांनी आणलं, ते खरंच लिहायला हवं होतं. आणि पगार थकले नाहीत हेही शंभर टक्के खरं. पण तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. मालक दर वर्षी खिशात हात घालतो म्हणून क्लब चालतो. म्हणजे क्लब स्वतःच्या पायावर उभा नाही. त्या खिशाला काही झालं की काय, ते २०२३ ला दिसलं. त्याबद्दल खाली लिहितो, आधी बाकीच्यांचं येऊ दे.


हाफटाइम:

बाळबोध प्रश्न. सगळ्यांच्या करारात "खाली गेलो तर पगार निम्मा" असं कलम का घालत नाहीत? विषय संपला ना?


लँकेशायरी मिसळ:

घालतात. बहुतेक क्लब घालतात, कपात ४०-५० टक्क्यांपर्यंतही असते. पण चांगला खेळाडू आणि त्याचा एजंट विचारतो, "खाली जायची भीती वाटते तर तुमच्याकडे यावं कशाला?" मग एक तर कलम निघतं, नाहीतर बदल्यात दुसरं कलम येतं: खाली गेलात तर अमुक रकमेला मला सोडायचं. म्हणजे पगार वाचला पण खेळाडू स्वस्तात गेला.

कलम विसरल्याचं गाजलेलं उदाहरण संडरलंडचं. २०१७ ला खाली गेले. बाकीच्यांचे पगार कापले गेले, जॅक रॉडवेलचा नाही, त्याच्या करारात कपातच नव्हती. ब्रिटिश पेपरांत छापून आलेला आकडा आठवड्याला ७० हजार पाउंड. वर्षाचे ३६ लाख झाले, आणि तो त्या मोसमात जेमतेम खेळला. चिडून उपयोग नाही, सही क्लबनंच केली होती. २०१८ ला संडरलंड आणखी एक पायरी खाली गेलं, तिथे चार वर्षं अडकलं आणि प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२५ उजाडलं.


खातेवही:

पेशाने सीए आहे, फुटबॉल पोरामुळे बघतो. मिसळराव, पगारावर सगळे बोलतात, पण खरा घोळ ताळेबंदात असतो. सोप्या आकड्यांत सांगतो, आकडे काल्पनिक आहेत.

एक खेळाडू २ कोटी पाउंडांना घेतला, करार ५ वर्षांचा. हे २ कोटी एकदम खर्चात पडत नाहीत, दर वर्षी ४० लाख पडतात. दोन वर्षं झाली, क्लब खाली गेला. पुस्तकात खेळाडूची किंमत उरली १ कोटी २० लाख. पुढचा मोसम तोंडावर, पगार परवडत नाही, हे समोरच्या प्रत्येक क्लबला माहीत. तो म्हणतो ८० लाख देतो, घ्यायचे तर घ्या. दिला. रोख ८० लाख आले पण पुस्तकात ४० लाखांचा तोटा. आणि ते ८० लाखही तीन हप्त्यांत येणार! उलट, ज्या क्लबाकडून हा खेळाडू घेतला होता त्याचा शेवटचा हप्ता बाकी असेल तर तो पूर्ण द्यायचा. तुम्ही खाली गेलात म्हणून तो एक पेनी सोडत नाही.

पुस्तकातला तोटा का महत्त्वाचा? कारण लीगचे नियम पुस्तकातला तोटा मोजतात. प्रीमियर लीगच्या ज्या नियमावर इतकी वर्षं भांडणं झाली त्यात २०२५-२६ पर्यंत तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पाउंडांपर्यंत तोटा चालायचा. चॅम्पियनशिपमध्ये तीच मर्यादा ३ कोटी ९० लाख. वरच्या लीगमधलं वर्ष साडेतीन कोटींचं धरायचे, खालचं १ कोटी ३० लाखांचं. म्हणजे उत्पन्न कमी झालं, पगार चालू, विक्रीत तोटा, आणि त्याच वेळी तोटा करायची परवानगीही निम्म्याहून कमी. माझ्या एखाद्या अशिलाची अशी अवस्था झाली तर मी त्याला आधी चहा पाजीन.

आणखी एक. पॅराशूटचं येणं हे खात्रीचं येणं असल्यामुळे बँका त्यावर कर्ज देतात. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बँकेचा तर हा नेहमीचा धंदा आहे. क्लब पुढच्या दोन वर्षांचं पॅराशूट आज उचलतो, व्याज कापून. मग ते दुसरं वर्ष येतं तेव्हा खात्यात काही येतच नाही.


हाफटाइम:

खातेवही, दंडवत. म्हणजे पगारकपातीचं कलम घालूनही सुटका नाही. माझा प्रश्न बाळबोधच होता.


अनामिका_सोलेंट:

मी पोर्ट्समथजवळ राहते. इथली गोष्ट उलट्या दिशेने झाली: आधी पैसा संपला, मग रेलिगेशन. २००८ मध्ये एफए कप जिंकला, तो कुणाच्या पैशावर जिंकला हे नंतर कळलं. फेब्रुवारी २०१० मध्ये पोर्ट्समथ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे आपल्याकडे दिवाळखोरीत व्यवस्थापक नेमतात तसं. प्रीमियर लीगमध्ये असताना असं झालेला पहिला क्लब. ९ गुण कापले, क्लब खाली. मग २०१२ ला पुन्हा अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, पुन्हा खाली. २०१३ ला पुन्हा. कप जिंकल्यापासून पाच वर्षांत चौथ्या पायरीवर.

मला सांगायचंय ते खेळाडूंबद्दल नाही. मार्च २०१० मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने ८५ कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. तिकीट खिडकी, कार्यालय, दुकान असलं काम करणारी माणसं. माझ्या शेजारीण आजींची मुलगी त्यांच्यातली एक. देणेकऱ्यांची यादी जाहीर झाली तेव्हा त्यात सामन्याला प्रथमोपचारासाठी उभी राहणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स होती, गावातल्या स्काउटच्या मुलांचेही पैसे होते. आजी ती यादी स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरून ओळखीच्या दुकानांवर पेन्सिलीनं खुणा करत होत्या. खाटीक, फुलवाला, छापखाना.

आणि नियम असा की फुटबॉलमधली देणी, म्हणजे खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबांचे हप्ते, आधी पूर्ण फेडायची. बाकीच्यांना उरलंसुरलं. ब्रिटनच्या करखात्याने या नियमाविरुद्ध दावा लावला, २०१२ मध्ये हरले. खाटीक कुठे दावा लावणार?

शेवट बरा झाला म्हणायचा. २०१३ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून क्लब विकत घेतला, चार वर्षं चालवला, कर्ज फेडलं आणि २०१७ मध्ये विकला.


खातेवही:

अनामिकाताई, नियमामागचं तर्कशास्त्र असं की एका क्लबने दुसऱ्याचे हप्ते बुडवले तर सगळी साखळी कोसळेल. ऐकायला ठीक आहे. पण त्यामुळे क्लबांना एकमेकांना उधारी देताना भीती वाटत नाही, आणि भीती नसली की उधारी वाढते.


गोलकी११:

लीड्सचं नाव कुणीच कसं घेत नाही? २००१ ला चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, २००४ ला रेलिगेशन. पुढच्या पंचवीस वर्षांच्या तिकीटविक्रीवर ६ कोटी पाउंड उचलले होते!! खाली गेल्यावर त्याच वर्षी मैदान विकलं, सरावाचं मैदान विकलं, आणि स्वतःच्याच मैदानात भाडेकरू. मैदान परत घेतलं २०१७ ला. प्रीमियर लीगला परत २०२०. सोळा वर्षं.


लँकेशायरी मिसळ:

लीड्सवर वेगळा धागा होईल म्हणून हात लावला नाही. तू काढ, मी येतो.


चिकनसुक्का:

माझा आयडी बघून कुणी गैरसमज करून घेऊ नये, व्हेंकीजशी माझा संबंध फक्त ताटापुरता.

मिसळ, तुमचा सिद्धांत मला पटत नाही. तुमचं म्हणणं, पॅराशूट शहाणपणाने वापरलं तर क्लब वाचतो. मग ल्युटन घ्या. २०२३ ला वर आले, पगार लीगमध्ये सर्वांत कमी पातळीवर ठेवले, मैदान बारा हजारांचं, आलेला पैसा नवीन स्टेडियमसाठी राखला. २०२४ ला खाली. तरी हातात पॅराशूट, डोक्यावर फार कर्ज नाही. आणि २०२५ ला? सरळ तिसऱ्या पायरीवर! शहाण्यांचंही तेच झालं.

आणि दुसरी बाजू बर्नली, तुमच्या ब्लॅकबर्नचा शेजारी आणि वैरी. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकनांनी क्लब घेतला तो कर्ज क्लबच्याच गळ्यात बांधून. ६ कोटी ५० लाख पाउंड, आणि खाली गेलात तर त्यातला मोठा भाग लगेच फेडायचा अशी अट. २०२२ ला खाली गेलेच. तुमच्या हिशेबाने संपायला हवे होते. काय केलं? पोप, मॅकनील, कॉलिन्स, कॉर्ने, सगळे विकले, व्हिन्सेंट कोम्पनी यांना मॅनेजर केलं, तरुण पोरं आणली आणि १०१ गुण घेऊन परत वर. शिस्त-बिस्त ठीक आहे, शेवटी मैदानावर काय होतं त्यावर सगळं.


लँकेशायरी मिसळ:

बर्नलीचं उदाहरण तर माझ्या खिशात टाकण्यासारखं आहे. त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात विकलं. ब्लॅकबर्ननं तिसऱ्या-चौथ्या वर्षी, बंदी येऊन गेल्यावर विकलं. पहिल्या उन्हाळ्यात खेळाडूवर प्रीमियर लीगचं लेबल ताजं असतं. दोन वर्षं चॅम्पियनशिपमध्ये मधल्या नंबरावर काढल्यावर त्याच खेळाडूला कोण विचारतो? मैदानावरचं नशीब मान्य, पण केव्हा विकायचं हे नशीब नाही.

ल्युटनबद्दल मात्र बिनशर्त मान्य. एक भर घालतो: त्यांनी खर्च आवरला म्हणून ते दोनदा पडूनही मैदान बांधायच्या गोष्टी करताहेत. पोर्ट्समथला दुसऱ्या पडण्यात क्लब राहील की नाही हा प्रश्न होता. खेळात दोघेही हरले, पण दोन पराभव एकसारखे नाहीत.


मांडवीकाठचा:

नमस्कार, पणजीहून. इंग्लंडात निदान पॅराशूट तरी आहे. आमच्या धेंपोचं ऐका.

पाच वेळा राष्ट्रीय विजेता, गोव्याची शान. २०१४-१५ ला आय-लीगमधून, म्हणजे भारतातल्या तेव्हाच्या पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल लीगमधून, खाली गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत जिंकून परत जागा मिळवली, म्हणजे खेळायचं ते खेळून दाखवलं. आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिन्ही क्लबांनी आय-लीगमधूनच अंग काढून घेतलं. अंग काढून घेण्याचं कारण रेलिगेशन हे नव्हतंच. वर पैसा होता आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग), तिथे मैदानावर जिंकून जायची वाटच तेव्हा नव्हती, फ्रँचायझीची फी भरली तर प्रवेश. खाली जायची भीती नाही, वर यायची आशा नाही. धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये दिसला तो २०२४ ला.

त्याआधी फगवाड्याच्या जेसीटीचं झालं. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा संघ. २०१०-११ ला रेलिगेट झाला आणि काही आठवड्यांत मालक कंपनीने संघच बंद केला. आपल्याकडे क्लब हा कंपनीच्या जाहिरातखर्चातली एक ओळ. खाली गेला की ती ओळ खोडतात. कर्ज नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नाही, यादी नाही. काहीच उरत नाही.


कोथरूडकर_काका:

मांडवीकाठचा, मनातलं बोललात. आमचा पुणे एफसीही असाच गुंडाळला गेला, तोही रेलिगेट न होता.


ऱ्हाईनकाठी:

जर्मनीतून भर. शाल्के २०२१ ला खाली गेला, तीस वर्षांनी, डोक्यावर २० कोटी युरोंहून जास्त कर्ज घेऊन. परत आला, पुन्हा गेला. पण स्टेडियम दुसऱ्या श्रेणीतही साठ हजारांनी भरतं. हॅम्बुर्ग २०१८ ते २०२५ सात मोसम खाली, तिथेही गर्दी हटली नाही. टीव्हीच्या पैशावर इतकं अवलंबून नसलं की पडल्यावर निदान तिकिटाचा गल्ला हलत नाही. इंग्लंडचं दुखणं हे की वरची लीग आणि खालची लीग यांच्यातली दरीच इतकी मोठी करून ठेवलीय.

ब्लॅकबर्नला काय व्हायचं गर्दीचं?


लँकेशायरी मिसळ:

३१ हजारांचं मैदान, तिसऱ्या पायरीवर जायच्या आधीच्या काळात निम्मंही भरत नव्हतं. काहींनी मालकांच्या निषेधात सीझन तिकीट सोडलं ते कायमचंच.

दरीबद्दल सहमत. २०२३-२४ आणि २०२४-२५, दोन्ही मोसमांत वर आलेले तिन्हीच्या तिन्ही क्लब त्याच वर्षी परत खाली गेले. आणि पॅराशूटमुळे खालच्या लीगचंही बिघडतं. ज्यांना पॅराशूट नाही ते बरोबरी करायला उत्पन्नापेक्षा जास्त पगार वाटतात. चॅम्पियनशिपमध्ये पगार एकूण उत्पन्नाच्या १०० टक्क्यांच्या वर गेलेले कित्येक मोसम आहेत. डर्बीने असंच केलं: प्रीमियर लीग गाठायला दोनदा प्ले-ऑफच्या फायनलला पोचले, दोनदा हरले, मैदान मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला ८ कोटींना विकून हिशेब जुळवला, २०२१ ला अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, एकूण २१ गुण कापले, २०२२ ला तिसऱ्या पायरीवर. वरून पडले नाहीत, वर चढण्याच्या नादात पडले. खालच्या लीगांचे अध्यक्ष रिक पॅरी यांनी २०२० मध्ये खासदारांच्या समितीपुढे पॅराशूट मुळापासून उपटायला हवं असं सांगितलं होतं, ते याचसाठी. वरचे क्लब ऐकत नाहीत, कारण उद्या आपणच खाली गेलो तर?

आता लेस्टर, ज्यावरून हे सुरू झालं. २०२३ ला १८ वे येऊन खाली गेले तेव्हा त्यांचा वर्षाचा पगारखर्च २० कोटी पाउंडांच्या वर होता. नंबर १८ वा, पगार पहिल्या आठ-दहात शोभेल असा. २०२४ ला परत आले म्हणून सगळे म्हणाले, बघा, काही बिघडलं नाही. २०२५ ला पुन्हा खाली. तुमच्या "येतील परत"चं उत्तर त्या पगाराच्या आकड्यात आहे.


कोथरूडकर_काका:

ते २०२३ चं काय ते राहिलं. खिशाला काही झालं म्हणालात.


लँकेशायरी मिसळ:

हो. भारतात तपास यंत्रणेची चौकशी चालू होती, त्यामुळे पुण्याहून क्लबला पैसे पाठवायचे तर मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली, तीही तितक्याच रकमेची बँक गॅरंटी ठेवून. सुनावण्या पुढे गेल्या की इकडे लँकेशायरमध्ये अस्वस्थता. आणि फेब्रुवारी २०२४ उजाडताना अ‍ॅडम व्हार्टन, क्लबच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला १९ वर्षांचा पोरगा, क्रिस्टल पॅलेसला गेला. १ कोटी ८० लाख पाउंड, पुढे अटींप्रमाणे वाढणारे. चारच महिन्यांनी तो इंग्लंडकडून खेळला.


चिकनसुक्का:

आणि त्या मोसमात ब्लॅकबर्न शेवटच्या दिवशी लेस्टरला त्यांच्याच मैदानावर हरवून वाचलं, तेही सांगा की. पैसा नव्हता, पोरगा विकला होता, तरी वाचलं!


कोथरूडकर_काका:

तेच तर म्हणतोय कधीपासून. मग मालक विकून का मोकळे होत नाहीत, इतका ताप आहे तर?


खातेवही:

काका, घातलेले पैसे परत मिळतील अशी किंमत चॅम्पियनशिपमधल्या क्लबला कोण देणार? आणि प्रीमियर लीगमध्ये गेला तर किंमत एका रात्रीत कितीतरी पट. म्हणून प्रत्येक मालक म्हणतो, अजून एक वर्ष बघू. पुढच्या ताळेबंदात आणखी एक कर्जाची ओळ.


कोथरूडकर_काका:

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचंही असंच चाललंय, पण ते इथे नको.